पेट्रोल प्यायलेलं रबर

सोनाबाईंची म्हैस बुधवारी सकाळी सहा वाजता माजावर आली आणि माझी मोटरसायकल सव्वासहाला गळायला लागली. दोघींनी आधी ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही, पण चौकशी व्हायला हरकत नव्हती.

माझा धंदा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मध्येच हात वर करायला नको. मी गाई-म्हशी भरवतो. कागदावर याला कृत्रिम रेतन म्हणतात, गावात मला इंजेक्शनवाला म्हणतात, आणि मुलीकडच्यांशी बोलताना आई 'पशुवैद्यकीय क्षेत्रात आहे' असं म्हणून विषय पोह्यांकडे वळवते. गाडीच्या मागे लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली आहे. त्या चौकटीत ॲल्युमिनियमचा कॅन बसतो. कॅनमध्ये उणे एकशे शहाण्णव डिग्रीचा नायट्रोजन आणि त्या नायट्रोजनमध्ये हरियाणातल्या खानदानी मुऱ्हा रेड्यांचं वीर्य, बारीक कांड्यांत भरलेलं. ते रेडे आमच्या कशेळ्याला कधी आलेले नाहीत, येण्याची शक्यताही नाही. त्यांच्या वतीने मी जातो.

तर सोनाबाईंचा फोन.

"साईराज, उठलास का रं?"

"उठलो काकी."

"खोटं बोलतोस. ऐक. म्हस पहाटेपासून आरडतेय. चारा सोडलाय, खालनं चिकट सोट टाकलाय. कवा येतोस?"

सकाळी माजावर आलेलं जनावर संध्याकाळी भरवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. फार आधी भरवलं तर राहत नाही, फार उशीर झाला तरी राहत नाही.

"संध्याकाळी सहाला येतो," मी म्हणालो.

"सहा म्हंजे सहा. ही तिसरी खेप हाय, माहिताय ना तुला? आमच्या ह्यांनी व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय. ही खेप चुकली तर म्हस बाजारात. आणि मंग मी पन जाईन तिच्यासंगं."

मला माहीत होतं. ही म्हैस आधी दोनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही राहिली नव्हती आणि तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली होती. दोन्ही वेळा भरवणारा मीच होतो. सोनाबाईंचे यजमान आबाजी या बाबतीत फार स्पष्ट होते. भाकड म्हैस दावणीला बांधून पेंड चारायची म्हणजे पावण्याला जेवायला घालून परत त्याचेच पाय दाबायचे, असं ते म्हणत. पण सोनाबाईंनी ती म्हैस पारडी असल्यापासून बाटलीने दूध पाजून वाढवली होती. तिची आई व्याली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. म्हैस सोनाबाईंशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. आबाजींना तर तिने दोनदा गव्हाणीत बसवलं आहे.

अशा परिस्थितीत मी आंघोळ करून बाहेर आलो, तर गाडीखाली पेट्रोलचं थारोळं.

माझ्या स्वभावात घाबरणं नाही. घाबरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी ढकलत गॅरेजला नेता येते. मुरबाड रस्त्याला दत्ताचं गॅरेज आहे, मागेच त्याचं घर. दत्ता माझ्याबरोबर दहावीपर्यंत होता. मी पुढे शिकून म्हशींकडे गेलो, तो न शिकता गाड्यांकडे गेला. आता दोघांचेही हात सारखेच बरबटलेले असतात.

त्याने टाकी उतरवली, उरलेलं पेट्रोल कॅनीत काढलं, टाकी उताणी केली आणि बुडातला पंप बाहेर ओढला. पंपाच्या तोंडाशी गोल खाच असते आणि त्या खाचेत रबराची एक रिंग. खाच सोडताच ती रिंग सुटी झाली आणि अशी ऐसपैस पसरली, की जणू उन्हाळ्याची सुट्टी लागली.

"ही बघ," दत्ता म्हणाला. "कुरडई झालीय."

"काय झालं तिला?"

"पेट्रोल पिऊन फुगली. आता ही खाचंत परत बसायची नाय. ह्या बाजूनं दाबली का त्या बाजूनं भायेर येती."

"मग नवीन टाक."

"सुटी मिळत नाय. आख्खा पंप घ्यायचा. साडेसहा हजार, आणि यायला आठ दिवस."

एवढ्याशा रबरासाठी आख्खा पंप! सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून नवरदेव बदलायचा, त्यातला हा प्रकार.

"दत्ता, मला संध्याकाळी सहाला म्हशीकडे पोचायचंय."

"मंग जीपनं जा."

जीपवाले मला घेतात, माझ्या कॅनला घेत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकदा खड्ड्यात झाकण उडालं आणि गाडीभर पांढरा धूर झाला. नऊ माणसं चालत्या जीपमधून उतरली. त्यातली एक आजी पंच्याऐंशी वर्षांची होती आणि ती सगळ्यात आधी उतरली. शिवाय सोनाबाईंचं घर कशेळ्यापासून नऊ किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथवर जीप जातच नाही. उसनी गाडी म्हणाल तर मागच्या वर्षी विकासची घेतली होती. नायट्रोजन सांडून तिच्या सीटला पापडासारखे तडे गेले. विकास आता मला लांबूनच हात करतो, आणि तोही गाडी चालू ठेवून.

"रबर मी आणतो," मी म्हणालो. "दुपारपर्यंत."

"कुठनं?"

"जगात कुठेतरी असेलच की. ते काय परीस आहे का?"

"मंग नमुना घेऊन जा," दत्ता म्हणाला आणि फुगलेली रिंग माझ्या हातात दिली.

आमच्याकडे ही रीत आहे. कुठलीही वस्तू आणायला जायचं तर जुनी वस्तू नमुना म्हणून न्यायची. चपलेचा अंगठा, बंबाची जाळी, चष्म्याची काडी, गिरणीचा पट्टा. दुकानदार नमुना उलटसुलट बघतो, 'हां' म्हणतो आणि आत जातो. नमुन्याशिवाय गेलात तर तो तुमच्याकडे तुम्ही उधार मागायला आल्यासारखं बघतो. सोयरीक सोडली तर आमच्या भागात सगळं नमुन्यावर येतं. मी रिंग सदऱ्याच्या खिशात टाकली आणि जीपने कर्जतला निघालो. जीपमधल्या दोन बायका माझ्या खिशाच्या वासाने तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. पण धूर नसल्यामुळे कुणी उतरलं नाही.

कर्जतच्या बाजारपेठेत गोपाळकृष्णकाकांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. काका आधी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी भावाचं दुकान ताब्यात घेतलं आणि गिऱ्हाइकांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे मखमली पेटीतला, मिलिमीटरचा दहावा भागही मोजणारा व्हर्नियर आहे. साधा नट मागितला तरी ते आधी पेटी उघडतात.

"नमुना," ते म्हणाले.

मी रिंग काढली. काकांनी चष्मा बदलला, रिंग काचेवर ठेवली, श्वास रोखला आणि मोजली. मग पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा, कारण गणितात तीनदा मोजलेलं खरं.

"आतला व्यास चौसष्ट पूर्णांक तीन मिलिमीटर," ते म्हणाले. "हे माप अस्तित्वात नाही."

"काका, तुमच्यासमोर आहे की."

"समोर असणं आणि अस्तित्वात असणं यात फरक आहे. यादीत त्रेसष्ट आहे, पासष्ट आहे. चौसष्ट पूर्णांक तीन जगात कुणी बनवत नाही." त्यांनी दुकानाच्या छापील कागदावर माप लिहिलं, खाली सही केली. "खोपोलीच्या शिळफाट्याला जा. तिथे हायड्रॉलिकच्या सीलचं दुकान आहे. जेसीबीवाले, कारखानेवाले सगळे तिथूनच नेतात. समिधा म्हणून मुलगी बसते. ती कुणाचं ऐकत नाही, पण माल चोख ठेवते. हा कागद दाखव, म्हणजे परत मोजायची गरज पडणार नाही."

साडेनऊ झाले होते. मी भाजीच्या रिकाम्या टेंपोत मागे बसून खोपोलीकडे निघालो. कोथिंबिरीची चार पानं आणि मी. वारा छान लागत होता. रिंग खिशातून डोकावत होती, तिलाही वारा लागत होता. त्या वेळी यात काही गैर वाटलं नाही.

शिळफाट्याचं दुकान म्हणजे भिंतभर लहान लहान खण, आणि प्रत्येक खणात रबराच्या रिंगा, मोहरीएवढीपासून टायरएवढीपर्यंत. समिधा माझ्याच वयाची होती. वडिलांना पाठीचा त्रास सुरू झाल्यापासून दुकान तीच चालवत होती. समोर उभ्या असलेल्या एका धिप्पाड क्रेनवाल्याला ती सांगत होती, "उलटं बसवलं तर सील काय करणार? तुम्हाला कुणी उलटं टांगून काम सांगितलं तर कराल का?" क्रेनवाला नाही म्हणाला.

मी आधी कागद दिला, मग रिंग दिली. तिने कागद बाजूला ठेवला आणि रिंग मोजली.

"साठ पूर्णांक आठ."

"चौसष्ट पूर्णांक तीन," मी म्हणालो. "सहीसकट आहे."

"सहीने रबर वाढत नाही."

मला गोपाळकृष्णकाकांचा अपमान सहन होणार नव्हता, निदान त्यांच्या गैरहजेरीत. म्हणून मी त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काका, मी समिधा. तुम्ही साडेतीन मिलिमीटर जास्त मोजलंय."

"मुली, मी तीनदा मोजलंय."

"तीनदा चुकलं असेल."

"माझा व्हर्नियर जर्मन आहे!"

"माझा चायनीज आहे आणि तो साठ पूर्णांक आठ म्हणतोय."

"चायनीज काहीही म्हणेल!"

"बरं, तुमच्या समाधानासाठी परत मोजते." तिने काउंटरवरची रिंग उचलली आणि मोजली. मग पुन्हा मोजली. क्रेनवाला जायला निघाला होता, तो थांबला.

"काय झालं?" फोनमधून काका.

"साठ पूर्णांक एक," समिधा हळूच म्हणाली.

"बघ! तुझं तुलाच जुळत नाही!"

समिधाने रिंग नाकाशी नेली, वास घेतला, मग दोन बोटांत दाबून पाहिली. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मास्तर वर्गात मागच्या बाकाकडे बघतात.

"ही कुठे ठेवली होती?"

"खिशात."

"टेंपोत वारा होता?"

"भरपूर."

"ही पेट्रोल प्यायलीय," ती म्हणाली. "म्हणून फुगली होती. आता उघड्यावर पेट्रोल उडतंय तसतशी ही उतरतेय. कर्जतपासून इथपर्यंत तीन-साडेतीन मिलिमीटर उतरली. आपण भांडत होतो तेवढ्यात आणखी थोडी."

 क्रेनवाल्याने सुस्कारा सोडला. मी मनात हिशोब केला. कशेळ्याला मोजली असती तर सत्तर भरली असती, आणि लोणावळ्यापर्यंत नेली असती तर अंगठीत बसली असती.

"म्हणजे काका बरोबर होते?" मी विचारलं.

"साडेनऊला बरोबर होते. मी अकराला बरोबर होते. तुमच्या आईने दुपारी घरी मोजली, तर त्यांचंही बरोबर येईल."

फोनमधून काकांचा आवाज आला. फार शांत होता. "साईराज, माझ्या कागदावर फक्त वेळ लिही. सकाळी साडेनऊ. म्हणजे कागद खोटा ठरणार नाही."

मी वेळ लिहिली. अशा माणसांच्या जोरावर कर्जत उभं आहे.

"आता खरं माप कसं काढायचं?" मी समिधाला विचारलं. "उद्यापर्यंत ही आटेल का?"

"पूर्ण कधीच आटत नाही. एकदा फुगलेलं रबर आणि एकदा फुगलेला पाहुणा, दोघं मूळ जागी येत नाहीत. नमुन्यावरून मापच घ्यायचं नसतं. खाच मोजायची असते. खाच काही पित नाही. पंप कुठाय?"

पंप कशेळ्याला होता. मी येताना फक्त नमुना आणला होता, रीतीप्रमाणे. पिढ्यान्पिढ्या आम्ही नमुने घेऊन फिरतोय, आणि नमुनाच वाटेत बारीक होईल ही शंका एकाही पूर्वजाला आली नाही.

दत्ताला फोन लावला.

"दत्ता, पंपाची खाच मोजून सांग."

"कशानं?"

"व्हर्नियर नाही?"

"माझ्याकडं पान्हे हायत."

"टेप?"

"टेप हाय. पण पयले तीन इंच तुटलेत. चारपासनं सुरू होते."

"मग चारपासून मोज आणि वजा कर."

"वजाबाकी माझ्याकडनं करून घेतोस? मंग गळली तर बोलू नकोस. आणि पत्ती रुंद हाय, खाचंत शिरत नाय."

फोनवर खुडखुड झाली आणि हर्षलावहिनींचा आवाज आला. दत्ताची बायको, ती मागे कपडे वाळत घालत होती वाटतं. "भावजी, गोल वस्तू आतनं मोजायचीय ना? मंग बांगडी लावून बघू का?"

समिधाने माझ्या हातातून फोनच काढून घेतला. "लावा! ताई, कुठल्या मापाच्या आहेत?"

"माज्या दोन-सहाच्या. सासूबाईंच्या दोन-चारच्या हायत. त्या आंघोळीला गेल्यात, बांगड्या खुंटीवर ठेवून."

"दोन्ही लावून बघा. खाचेत घालायची, कडेला नाही."

तेवढ्या वेळात समिधाने मला समजावलं. बांगडीचं माप आतल्या व्यासाचं असतं. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. दोन-सहा म्हणजे दोन इंच, सहा सोळांश. रबरी रिंगेचं मापही आतूनच धरतात. म्हणजे कासार आणि हायड्रॉलिकवाला एकाच शास्त्राचे विद्यार्थी. हे मला बारावी सायन्सला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तर कदाचित मी पासही लवकर झालो असतो.

फोनमधून किणकिण ऐकू येत होती.

"दोन-सहा खुळखुळतेय," वहिनी म्हणाल्या. "आता सासूबाईंची लावते... बसली! भावजी, अशी बसलीय, सासूबाईंच्या हातात पण कधी अशी बसली नाय."

"सत्तावन्न," समिधा म्हणाली आणि शिडीवर चढली.

तिने दोन रिंगा काढल्या, एक काळी आणि एक तपकिरी. काळी पंधरा रुपयांना, तपकिरी नव्वदला. "काळी साधी आहे. आजच्या पेट्रोलमध्ये महिनाभरात परत कुरडई होणार. तपकिरी वायटन नावाच्या खास रबराची. कारखान्यात रसायनांच्या पंपांना हीच लावतात. ती फुगत नाही."

"किती दिवस?"

"तुमची गाडी भंगारात जाईल तेव्हा हिला काढून घ्या."

"दोन जाडींत द्या," मी म्हणालो. जाडी बांगडीने कळत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे माणूस म्हणून बघितलं.

साडेसहा हजारांचं काम एकशेऐंशी रुपयांत. मी क्रेनवाल्याशीसुद्धा हात मिळवला. जाताना त्याने मला विचारलं, "एवढी घाई कसली?" मी म्हटलं, "एक म्हैस वाट बघतेय." त्याने मान डोलावली आणि बाजूला होऊन वाट दिली.

परतीच्या वाटेत टेंपो मिळायला वेळ गेला आणि कर्जतला जीप भरायला त्याहून जास्त. कशेळ्याला उतरलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. गॅरेजच्या दारात दत्ता हातोडी घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर हर्षलावहिनी कमरेवर हात ठेवून.

"काय झालं?"

"बांगडी," दत्ता म्हणाला.

सासूबाईंची दोन-चारची हिरवी बांगडी पंपाच्या खाचेत इतकी छान बसली होती, की ती आता निघत नव्हती. अकरापासून निघत नव्हती. दत्ताने चिमट्याने ओढून पाहिली होती, पान्ह्याने ठोकून पाहिली होती. आता त्याच्यापुढे हातोडी एवढाच मार्ग शिल्लक होता.

"एक बांगडी फोडायला काय होतं?" तो म्हणाला.

"फोडायला!" वहिनी ओरडल्या. "तोंड धुवून या आधी. सवाष्णीची बांगडी हाय ती. सासूबाईंना चैत्रात माहेरी भरल्यात. धा वेळा इचारलं त्यांनी, एक कुठं गेली म्हणून. मी सांगितलं, भावजी संध्याकाळपर्यंत आणतायत."

"मी?"

"मंग काय, पंपात हाय असं सांगू?"

चार वाजले होते. नऊ किलोमीटर, त्यात दोन ओढे आणि एक चढ. घरून कॅन उचलायचा होता. माझ्या स्वभावात घाबरणं नाही हे मी सांगितलं आहे, पण घड्याळाकडे मी दोनदा पाहिलं हेही नोंदवून ठेवतो.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमच्या हातात बांगडी अडकली तर काय करता?"

त्या थांबल्या. मग आत गेल्या आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. पंप मांडीवर घेतला, अगदी लहान पोराला न्हाऊ घालतात तसा. साबणाचा फेस खाचेत सोडला. बांगडी ओढली नाही, ठोकली नाही. बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहिल्या, कासार फिरवतो तशी. पहिल्यांदा ती हलली नाही. मग केसभर हलली. मग आख्खी फिरली.

"बांगडी काढायला जोर लागत नाय," त्या दत्ताकडे न बघता म्हणाल्या. "धीर लागतो."

टिचकी वाजल्यासारखा आवाज झाला आणि बांगडी त्यांच्या तळहातावर आली. फुटलेली नाही, तडकलेली नाही, नुसतीच पेट्रोल आणि साबण यांच्या मिश्र वासाची. त्यांनी ती धुतली, पदराला पुसली आणि मागच्या दाराने गेल्या. आतून सासूबाईंचा आवाज आला, "गावली का गं?" आणि वहिनींचा, "गावली. भावजींनी आणली." माझ्या नावावर त्या दिवशी एवढंच न केलेलं काम जमा झालं.

दत्ताने खाच कोरडी केली. बारीक रिंग खाचेत बुडाली. जाड रिंग बसली आणि वर किंचित उचललेली राहिली, जशी राहायला हवी. पंप टाकीत, टाकी गाडीवर, बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे. पेट्रोल ओतलं. दत्ताने टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं, वहिनी परत आल्या आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती उकिडवे बसलो. पाच मिनिटं पेपर राखला. पेपर कोरडा. सगळ्या बारा राशींचं भविष्य स्वच्छ वाचता येत होतं. माझ्या राशीला 'प्रवास टाळा' असं होतं.

चावी फिरवली. पंप कुरकुरला. गाडी एका किकमध्ये सुरू झाली, आणि ती तर बटणाची गाडी होती, किक मी आनंदात मारली.

आबाजींच्या अंगणात पोचलो तेव्हा सहाला पाच कमी होते. खाटेवर व्यापारी बसला होता. पांढरा सदरा, मांडीवर छत्री, हातात चहाचा कप, नजर म्हशीच्या मागच्या पायांवर. आबाजी त्याच्या शेजारी. सोनाबाई म्हशीच्या गळ्यात हात टाकून गोठ्याच्या दारात उभ्या होत्या, दार अडवून.

"आला तुजा इंजेक्शनवाला," आबाजी म्हणाले. "मी म्हनलं, सहापर्यंत थांबायचं, मंग सौदा. सकाळपासनं गाडी गळतेय असं ऐकलं."

"गळत होती. आता गळत नाही."

"म्हशीचं पन तसंच झालं तर बरं."

"होईल," मी म्हणालो.

"दोनदा पन असंच म्हनला व्हतास."

मी सरळ कामाला लागलो. सोनाबाईंनी कोमट पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता. आधीच्या दोन्ही वेळा मी दिवसभरातल्या इतर फेऱ्यांच्या सोयीने आलो होतो, एकदा दुपारी आणि एकदा आठ वाजता. आज फक्त तिच्यासाठी आलो होतो आणि घड्याळाच्या काट्यावर आलो होतो. कॅनचं झाकण उघडलं, पांढरा धूर खाली सांडला. व्यापाऱ्याने खाटेवरून पाय वर घेतले. कांडी पाण्यात अर्धा मिनिट, खांद्यापर्यंत हातमोजा, सोनाबाईंनी शेपूट धरलं. म्हशीने मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नाक फुरफुरवून तोंड फिरवलं, परवानगी दिल्यासारखं.

दिवसभर चार माणसं, दोन गावं, एक क्रेनवाला आणि सासूबाईंची बांगडी राबली, आणि काम झालं तीन मिनिटांत.

"झालं," मी म्हणालो.

"झालं?" आबाजी.

"झालं. आता तीन आठवडे बघायचं. उलटली नाही, तर तीन महिन्यांनी येऊन तपासतो. तोवर विकायची नाही."

"तीन महिने पेंड कोन देनार?"

"मी देनार," सोनाबाई म्हणाल्या. "माज्या भाकरीतली."

आबाजींनी व्यापाऱ्याकडे पाहिलं, व्यापाऱ्याने म्हशीकडे पाहिलं, म्हशीने शेण टाकलं. सौदा त्या दिवसापुरता टळला.

तिसऱ्या आठवड्यात म्हैस उलटली नाही. चौथ्यात नाही, पाचव्यातही नाही. मी रोज फोन करत होतो असं नाही, दिवसाआड करत होतो. तीन महिने पूर्ण झाले त्या शनिवारी सकाळी मी आबाजींच्या अंगणात गेलो. हातमोजा चढवला. आबाजी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून. सोनाबाई शेपूट धरून, डोळे मिटून.

हात आत घातला. मी तिथे थोडा जास्त वेळ थांबलो, कारण खात्री झाल्यावरही पुन्हा एकदा खात्री करावीशी वाटली.

"आहे," मी म्हणालो. "गाभण आहे."

सोनाबाईंनी शेपूट सोडलं आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकलं.  म्हैस रवंथ करत राहिली.

"पारडी हाय का रेडा?" आबाजींनी विचारलं.

"काका, हात आहे माझा. सोनोग्राफीचं मशीन नाही."

"आसं कसं, आत जाऊन आलास ना?" ते म्हणाले आणि खिशातून फोन काढला. व्यापाऱ्याचा नंबर लावला. अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले, कारण फोनवर त्यांचा विश्वास नाही. "हां, मी आबाजी बोलतोय. म्हस विकायची नाय. गाभण हाय ती... आमची म्हस हाय ती, अशी तशी नाय... नाय नाय, तुमचा भाव काय बी आसू दे. ऐका, दुसरंच काम व्हतं. एक चांगली पारडी बघा कुठं असंल तर. गोठ्यात एकटी उभी ऱ्हाते ती. जोडीला पायजे कुनीतरी."